मानमोड्यांची खुर्ची

“पाठीला धरू नका, बुडाशी धरा. पाठीला धरलं की ती गरकन फिरते,” असे वहिनी सांगत होत्या तोच खुर्ची फिरली, आणि तिला ट्रकमधून उतरवून घेणाऱ्या चौघांपैकी दोघेजण चर्चच्या पायरीवर अलगद बसते झाले. उरलेल्या दोघांना हसू आवरत नव्हते. परंतु सारा भार त्यांच्याच हातांवर आल्यामुळे हसण्याची सोय नव्हती.

शनिवारची दुपार होती. पायरीवर उतरलेली ती वस्तू उन्हात मोठ्या डौलाने झळकत होती. पांढऱ्या मुलाम्याचे लोखंडी बूड, तपकिरी चामड्याची बैठक, मान टेकण्यासाठी वरखाली होणारी उशी, आणि बाजूला पायाने दाबायची दांडी. दांडी दाबली की खुर्ची बसलेल्या माणसासकट वर चढे. केशकर्तनालयातली खुर्ची ती. चर्चच्या दारात तिला आजवर कोणी पाहिले नव्हते.

उंबरठ्याच्या आत हाताची घडी घालून ओळंबा उभे होते. ते या चर्चचे राखणदार. मूळचे सुतार, एकोणतीस वर्षांपूर्वी येथले चोवीस बाक घडवण्यासाठी आले आणि मग झाडलोट, दुरुस्ती, दिवाबत्ती असे सारेच काम अंगावर घेऊन येथलेच झाले. दर शनिवारी बाकांच्या टोकांना सुतळी लावून ते रांग तपासत, आणि बोटभर जरी बाक सरकलेला दिसला तरी त्यांच्या जिवाला चैन पडत नसे. गवंडी-सुतार दोरीला वजन बांधून उभी रेषा जोखतात, त्या साधनावरून गायकवृंदातल्या कुणीतरी त्यांना ‘ओळंबा’ म्हटले, आणि ते नाव इतके चपखल बसले की आईवडिलांनी ठेवलेले नाव आता त्यांनाच आठवून सांगावे लागे.

खुर्चीचे धनी दीड महिन्यापूर्वी वारले होते. चौकापलीकडे त्यांचे केशकर्तनालय होते. केस कापून झाले की ते गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांत धरून मानेला असा काही हलका झटका देत की कट् असा आवाज होई आणि गिऱ्हाईक दहा वर्षांनी तरुण होऊन उठे. त्यावरून अवघा मोहल्ला त्यांना मानमोडे म्हणे. ते चर्चच्या मंडळीतले नव्हते. रविवार हा त्यांच्या दुकानातला गर्दीचा दिवस; उपासनेला ते कधीच आले नाहीत. पाळकांनी एकदा प्रेमाने विचारले असता त्यांनी उत्तर दिले होते की मी माणसे नीटनेटकी करून तुमच्याकडे धाडतो, पुढचे तुम्ही पाहून घ्या.

अशा गृहस्थाच्या घरून चर्चला दान यावे, आणि तेही हे, याचा उलगडा कोणालाच होईना. पाळक बाहेर आले. पंचमंडळातल्या मुख्याध्यापिकाबाई, ज्या निवृत्त होऊन बारा वर्षे झाली तरी सर्वांना अजून वर्गात बसल्यासारखे वाटायला लावत, त्याही आल्या. वहिनी म्हणजे मानमोड्यांच्या पत्नी; त्यांच्या दोन्ही बाजूंना त्यांच्या दोन विवाहित मुली उभ्या होत्या. धाकटीचे डोळे भरलेले होते. थोरलीचे कोरडे होते, पण तिने आईचा पदर चिमटीत धरला होता आणि आपण तो धरला आहे हे तिच्या ध्यानात नव्हते.

वहिनींनी शांतपणे सांगितले. दुकान भाड्याचे, सोमवारी किल्ली द्यायची आहे. आरसे गेले, दुसरी खुर्ची पलीकडच्या गल्लीतल्या कारागिराने नेली. ही मात्र चर्चला द्यायची असे ‘हे’ शेवटच्या वर्षात दोनदा बोलून गेले होते.

“पण चर्चलाच का?” पाळकांनी मृदूपणे विचारले.

“ते म्हणायचे, सोमवारी आलेलं गिऱ्हाईक मला डोळे मिटून ओळखता येतं. मान आखडलेली असते. तुमच्या बाकांवरून उठून आलेलं असतं ना,” वहिनी म्हणाल्या. “म्हणायचे, देवाच्या घरचं सगळं चांगलं आहे, पण ते बाक ज्यानं केले त्याला पाठ नावाची गोष्ट ठाऊकच नसावी. निदान एक जागा तरी धड असू दे तिथं. ज्याला अगदीच बसवत नाही त्याच्यासाठी.”

पाळकांना एकाएकी खोकला आला. मुख्याध्यापिकाबाई छताकडे पाहू लागल्या. चौघा उचलणाऱ्यांनी मोठ्या एकाग्रतेने आपापले हात झाडले. ओळंबांची हाताची घडी सुटली. वीस वर्षे ते दर तिसऱ्या शनिवारी याच खुर्चीत बसून केस कापून घेत आले होते. सगळ्या जगाला सरळ करता आणि स्वतःची मान तेवढी वाकडी, अशी थट्टा मानमोडे नेहमी करीत. पण बाकांविषयी अवाक्षरही त्यांनी कधी काढले नव्हते. बायकोजवळ बोलले, मुलींजवळ बोलले, ज्याने बाक केले त्याच्याजवळ नाही. त्या माणसाच्या दाक्षिण्याची ओळंबांना आता, तो गेल्यावर, ओळख पटत होती, आणि ती पटताना कान तापले होते.

पंचांची सभा तिथेच, दारात भरली. मुख्याध्यापिकाबाईंचे म्हणणे असे की भावना थोर आहे, परंतु पवित्र जागेची एक शोभा असते. आज ही घेतली तर उद्या कोणी दातांच्या डॉक्टरांची खुर्ची आणून ठेवील, मग नको कसे म्हणणार. पाळकांचे स्वतःचे केस मानमोड्यांनीच आयुष्यभर कापले होते, त्यामुळे त्यांना नकार देववेना आणि होकारही सुचेना. अखेर असे ठरले की उद्याच्या एका उपासनेपुरती खुर्ची आत ठेवून पाहावी. शोभली तर राहील. न शोभली तर वहिनींनी राग मानू नये, पलीकडच्या गल्लीतला कारागीर तीही न्यायला तयार आहे.

हे चालले असताना ओळंबांच्या मनात एकच माणूस होते. त्यांची थोरली बहीण अक्का.

अक्का चाळीस वर्षे गायकवृंदात गात असे. खालच्या पट्टीतला तिचा आवाज इतका भरदार की तो सुरू झाला म्हणजे इतरांच्या सुरांना पायाखाली जमीन आल्यासारखे वाटे. दोन वर्षांपूर्वी तिच्या कमरेचे हाड दुखावले. ते सांधले, परंतु खाली वाकून बसणे आणि बसलेले उठणे या दोन गोष्टी तिच्या आयुष्यातून वजा झाल्या. उंच स्टुलावर टेकून ती स्वयंपाक करी, उशा रचून निजे. चर्चच्या बाकावर तीनदा बसून पाहिले. तिसऱ्या खेपेस तिला उठवायला तिघे लागले, आणि त्यानंतर तिने घराचा उंबरठा ओलांडला नाही. चाकाच्या खुर्चीचे नाव काढले की ती उसळे. मला ढकलत नेणार आणि सगळे वाकून वाकून चौकशी करणार, त्यापेक्षा मी इथे भिंतींना गाऊन दाखवीन, त्या निदान मध्ये खोकत नाहीत, असे ती म्हणे. पण भिंतींनाही ती गात नव्हती. गेल्या महिन्यात तिने आपले गीतांचे पुस्तक शेजारच्या मुलीला देऊन टाकले होते. त्या दिवसापासून ओळंबांना घरात शिरताना पाय जड वाटत.

ते तडक घरी गेले आणि खुर्चीचे वर्णन केले. उंची किती, वर किती चढते, बसायला वाकावे लागत नाही, वर चढवली की माणूस जवळजवळ उभाच असतो. अक्का भाजी निवडत ऐकत होती. मान वर न करता तिने विचारले,

“त्यात बसलेल्याला लोक काय म्हणतात रे धाकट्या? आजारी?”

“नाही. गिऱ्हाईक म्हणतात.”

अक्काने हातातली जुडी खाली ठेवली. हात पदराला पुसले. मग म्हणाली, “शेजारणीच्या पोरीकडून माझं पुस्तक मागून आण. उसनं म्हणावं.”

ओळंबा चर्चमध्ये परतले तेव्हा आत कोणी नव्हते. खुर्ची मधल्या वाटेत उभी होती. तिला जागा द्यायची तर गायकवृंदाच्या बाजूचा पहिला बाक दोन हात कापावा लागणार होता. त्यांनी करवत आणली, खूण केली, आणि मग करवत तशीच ठेवून ते त्या बाकावर बसले. एकोणतीस वर्षांत ते त्यावर बसलेच नव्हते. उपासना चालू असताना राखणदाराची जागा दाराशी, उभ्याने. आणि इतर वेळी बसायला त्यांना सवड नसे. पाठी त्यांनी ओळंब्याने जोखून काटकोनात उभ्या केल्या होत्या. थोडा उतार द्या असे तेव्हाच्या पाळकांनी सुचवले होते. उतार म्हणजे तिरकेपणा, आणि तिरकेपणा आपल्या हातून होणार नाही, असे तरुण ओळंबांनी ताठ मानेने सांगितले होते.

पाच मिनिटांनी त्यांचे खांदे पुढे आले. दहाव्या मिनिटाला मानेत कळ उठली. पंधराव्या मिनिटाला ते उठले, आणि चोवीस बाकांच्या त्या निर्दोष सरळ रांगेकडे त्यांनी असे पाहिले की जणू रांगेतला प्रत्येक बाक आपल्याला काही सांगत होता आणि आपण ऐकत नव्हतो. मग त्यांना एकट्यालाच हसू फुटले. पाळकांचे प्रवचन पाऊण तासाचे असते. एवढी वर्षे एवढी माणसे एवढे सोसून दर रविवारी परत येत होती. यापरता श्रद्धेचा पुरावा तो कोणता हवा!

त्यांनी करवत चालवली. आपल्याच हातचे लाकूड कापताना दुःख होईल असे वाटले होते. पण भुसा जसजसा खाली पडू लागला तसतसे त्यांना हलके वाटत गेले. कापलेली कड त्यांनी घासून गुळगुळीत केली. खुर्ची जागेवर आणून सवयीने सुतळी काढली, आणि तिचे गोल बूड पाहून पुन्हा खिशात ठेवली.

रविवारी अक्का काठी आणि भाऊ अशा दोघांच्या आधाराने चालत आली. तिने ठेवणीतली साडी काढली होती. दारापासून पहिल्या बाकापर्यंत पोहोचायला तिला बराच वेळ लागला, कारण वाटेत सगळे उठून भेटत होते, आणि कमरेची चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला ती त्याच्या घरातल्या लग्नाळू मुलाविषयी विचारून गप्प करीत होती. खुर्चीशी ती पाठमोरी उभी राहिली, मागे टेकली, आणि बसली. ओळंबांनी दांडी दाबली. एक, दोन, तीन, आणि अक्का सगळ्या मंडळींच्या वर, नव्या दिव्यासारखी उंच झाली. दोन वर्षे जे तोंड भिंतीकडे होते ते आता दीडशे माणसांना दिसत होते.

सगळ्यात मागच्या बाकावर वहिनी आणि दोन्ही मुली येऊन बसल्या होत्या. पंचांचा निकाल ऐकायला आल्याप्रमाणे तिघीजणी ताठ बसल्या होत्या. अर्थात त्या बाकावर दुसरे काही शक्यही नव्हते.

पहिल्या गीतातच खुर्ची फिरते याचा शोध अक्काला लागला. मागच्या रांगेतल्या बायका सुरात चुकल्या, तशी तिने पायाने हलकेच रेटा दिला, गात गातच त्यांच्याकडे तोंड केले, हाताने ताल दाखवला, आणि त्यांना वळणावर आणून पुन्हा वेदीकडे फिरली. बायका हसत हसत गाऊ लागल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी भुवया उंचावल्या. पण त्यांच्या ओठांचे टोकही उंचावलेले ओळंबांना दाराशी उभ्याने दिसले.

मग प्रवचन सुरू झाले. पाळक साधू वृत्तीचे गृहस्थ. त्यांच्या प्रवचनात नेहमी तीन मुद्दे असत आणि तिसऱ्यानंतर एक शेवटचा मुद्दा असे, जो शेवटचा नसे. पहिला मुद्दा संपला तेव्हा ओळंबांना वाटले की अक्का किंचित ठेंगणी दिसते आहे. दुसऱ्याच्या मध्यावर शंका उरली नाही. खुर्ची खाली येत होती. मुंगीच्या पावलाने, परंतु येत होती. अक्काच्याही ते ध्यानात आले असावे, कारण तिने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते. तिसऱ्या मुद्द्याला तिचे खांदे बाकाच्या पाठीआड गेले. मंडळीत कुजबुज पसरली. कोणी ओठ चावत होते, कोणी रुमाल तोंडाशी धरला होता. पाळकांच्या नजरेसमोरून एक श्रोती मावळत होती. ते अडखळले, सावरले, पुन्हा अडखळले.

ओळंबांना मात्र हसू येईना. प्रवचनानंतरचे गीत सर्वांनी उभ्याने गायचे असते. खुर्ची तळाला गेली की अक्का तिच्यात रुतणार. मग तिला उठवायला पुन्हा तिघे लागणार, साऱ्यांच्या देखत. तसे झाले तर ती पुन्हा कधी येणार नाही, आणि खुर्चीही जाईल. ते दारापासून निघाले, मधल्या वाटेने झपाझप चालू लागले. पण त्यांच्याही पुढे कोणीतरी निघाले होते.

वहिनी. त्यांनी इकडेतिकडे पाहिले नाही. खुर्चीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, एक हात उशीवर ठेवला, आणि पायाने दांडी दाबली. दाबण्यात घाई नव्हती, झटका नव्हता. सावकाश, श्वासाच्या लयीत, साडेतीनदा. अक्का पुन्हा उगवली. पाळकांनी तिच्याकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, आणि इतक्या वर्षांत प्रथमच शेवटचा मुद्दा न सांगता म्हणाले,

“आपण गाऊ या.”

सारे चर्च हसत उभे राहिले. ते हसू गीतात मिसळले, आणि त्याखाली अक्काचा तो जुना खर्ज उतरला तेव्हा ओळंबांना मधल्या वाटेतच थांबावे लागले. तेही गाऊ लागले. त्यांना सुराचे अंग नव्हते आणि आज त्याची पर्वाही नव्हती. वहिनी खुर्चीमागेच उभ्या होत्या. त्यांना ते गीत येत नव्हते. त्या फक्त पाय दांडीवर ठेवून उभ्या होत्या.

उपासना संपल्यावर वहिनींच्या थोरलीने ओळंबांना सांगितले की दांडीतले तेल जुने झाले आहे, हे कालच सांगायला हवे होते. पण बाबा दर थोड्या वेळाने एकदा पाय मारीत, गिऱ्हाइकाला कळतही नसे, म्हणून खुर्ची उतरते हे घरात कोणाला दोष वाटलेच नाही. शेवटच्या वर्षात त्यांचा पाय दुखे, तेव्हा रविवारच्या गर्दीत आई जाऊन दांडी दाबत उभी राही. तेल मी बदलून घेतो, असे ओळंबा म्हणाले. आणि मग त्यांनी हेही सांगून टाकले की बाक माझ्या हातचे आहेत. थोरलीचे डोळे विस्फारले. ती क्षमा मागू लागली तसे त्यांनी हात केला, आणि पुढच्या महिन्यापासून एकेक बाक खोलून पाठीला उतार देणार असल्याचे सांगितले. चोवीस आहेत, वेळ लागेल. सोमवारच्या माना तोवर कोणी पाहणार नाही, ही एवढीच खंत.

थोरलीने तेव्हा पहिल्यांदा डोळे पुसले, आणि हसलीही.

मुख्याध्यापिकाबाई जवळ आल्या. त्यांनी खुर्चीभोवती एक फेरी मारली, चामड्यावरून बोट फिरवून धूळ आहे का ते पाहिले, आणि पंचांचा निर्णय अशा शब्दांत दिला की दुसरी खुर्ची त्या कारागिराने खरोखरच नेली का, की अजून काही बोलणे होऊ शकेल. त्यांच्या स्वतःच्या गुडघ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

माणसे पांगली. अक्काने भावाला हात देऊन खुर्ची सोडली. उतरताना तिला फक्त पुढे पाऊल टाकावे लागले. काठीवर रेलून ती वहिनींसमोर उभी राहिली. दोघींची याआधी ओळख नव्हती.

“आता तुम्ही बसा,” अक्का म्हणाली.

“मी?” वहिनी मागे सरल्या. “नाही हो. गिऱ्हाइकाची जागा ती. दुकानात आम्ही कुणीच बसायचो नाही. ते स्वतःसुद्धा नाही बसले कधी. त्या शेवटच्या दिवशी चक्कर आली तेव्हाही बाहेरच्या बाकावरच जाऊन टेकले. खुर्ची रिकामी होती.”

 अक्काने काठी दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळ्या हाताने वहिनींचा दंड धरला.

“तिथं दुकान होतं,” ती म्हणाली. “इथं नाही. बसा.”

वहिनी बसल्या. आधी अगदी कडेला, परक्या घरी बसावे तशा. मग थोड्या मागे. मग पाठ टेकली. ओळंबांनी दांडीवर पाय ठेवला आणि जसे मघाशी पाहिले होते तसे, घाई न करता, दाबू लागले. वहिनींची पावले जमिनीवरून सुटली. त्यांनी मान उशीवर ठेवली, चामड्याला तिथे वर्षानुवर्षांचा खोलगट आकार आलेला होता, आणि डोळे मिटले. दाराशी दोन्ही मुली चपला घालून उभ्या होत्या. आईला हाक मारण्यासाठी धाकटीने तोंड उघडले. थोरलीने तिचा हात धरला, आणि दोघी उन्हात पायरीवर बसून राहिल्या.